लेखनिक हवी आहे

दरवर्षी शाळा सुरू झाली की मला माझ्या मुलीची नव्याने ओळख करून द्यावी लागे. मुलगी तीच, शाळा तीच, परळच्या त्याच इमारतीचा जिनाही तोच. बदलायचे ते वर्गशिक्षक. एका बाईंना सगळं समजावून, पटवून, त्यांच्या अंगवळणी पडेपर्यंत मार्च उजाडायचा, आणि जूनमध्ये पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी पिशवीतून फाइल काढायचे. ती लिहीत नाही म्हणजे आळशी नाही, असं सांगायचे. बोलताना अडते म्हणजे तिला येत नाही असं नाही, हेही सांगायचे. समोरचे सर किंवा बाई मान डोलवायच्या आणि ती शेजारीच बसलेली असताना मला विचारायच्या, "पण हिला नक्की होतं काय?"

होतं ते एवढंच. अक्षर डोक्यात असतं, पण हाताला सापडत नाही. वाचायला ती सावकाश का होईना शिकली. लिहिलेलं मात्र तिचं तिलाही लागत नाही. आणि बोलताना शब्द यायला वेळ लागतो. आमच्या लालबागच्या चाळीत सकाळी पाणी यायच्या आधी नळाला नुसती हवा येते. नळ खाकरतो, थांबतो, पुन्हा खाकरतो, आणि आपण बादली लावून उभे असतो. तिचं बोलणं तसं आहे. पाणी येणार असतं, फक्त बादली काढून घ्यायची नसते. पण सकाळी सातच्या घाईत हे कुणाला सांगणार, आणि शाळेत तर दिवसभर सकाळचे सातच वाजलेले असतात.

पालिकेच्या हॉस्पिटलात तिच्या चाचण्या झाल्या, दाखला मिळाला. दाखल्यावरून शाळेत तिच्यासाठी वेगळा आराखडा तयार होऊ लागला: तिला काय जड जातं, शिक्षकांनी काय करावं, परीक्षेत कोणती सवलत द्यावी. कागदावर त्याचं नाव चांगलं लांबलचक आहे, शाळेत सगळे त्याला प्लॅन म्हणतात. मी फोर्टमधल्या एका विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात आहे. दिवसभर लोकांच्या अर्जांवर 'अपूर्ण' असा शेरा मारते, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुसऱ्यांच्या काउंटरवर तोच शेरा घ्यायला उभी राहते. नवरा बेस्टच्या बसवर कंडक्टर. त्याच्या पाळ्या अशा की शाळेच्या मीटिंगला तो कधी सापडला नाही. म्हणजे फाइल माझी, जिने माझे आणि रजाही माझ्याच.

प्लॅनचं पहिलं कलम पहिल्यापासून एकच: विद्यार्थिनीला पहिल्या बाकावर बसवावं. तिचे डोळे ठणठणीत, कान तर नको इतके तिखट. गॅलरीतून चाललेलं माणूस कोण, हे ती चपलांच्या आवाजावरून ओळखते. मागे चाळीस मुलांचा गोंगाट घेऊन पुढे बसणं म्हणजे तिच्यासाठी शिक्षाच होती. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. पण पहिला बाक कोण नाकारणार? आमच्या सासूबाईंनी तर गावी फोन करून सांगितलं होतं, "आमचां चेडू पयल्या बाकार बसता." त्यानंतर ते कलम खोडायची माझी छाती झाली नाही.

दुसरं कलम होतं, एका वेळी एकच सूचना द्यावी. ते मी मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवलं. त्याच फ्रिजला टेकून सासूबाई एका दमात सांगायच्या, "गो बाय, खाली जावन कोथमीर घेवन ये, जाताना गिरणीवाल्याक सांग मसालो सांजेक न्हेतलंय, आणि येताना मोटर कोणी चालू ठेवली काय बघ." पोर जिन्यात कोथिंबिरीवरच असायची. मी सासूबाईंना कागद दाखवला तर म्हणाल्या, "मगे एकच तर काम सांगलंय, खाली जावचां."

त्यांचाही दोष नाही. आमच्या चाळीत कुणाचं वाक्य एकट्याने पुरं होऊ देण्याची पद्धतच नाही. एकीने "काल रात्री काय झालं..." म्हणावं, तिसऱ्या खोलीतून दुसरीने ते पुढे न्यावं आणि जिन्यावरून येणाऱ्या तिसरीने संपवावं. दुसऱ्याचं वाक्य अर्ध्यात उचलणं म्हणजे त्याच्या दुखण्याला हात लावणं, इतका त्यात जिव्हाळा. मग जिचं वाक्य खरंच अडतं तिच्यावर तर मायेचा पूरच. माझ्या लेकीने "मला..." म्हटलं की चारी बाजूंनी पर्याय यायचे: पाणी? चहा? भूक लागली? झोप आली? त्यातल्या कुठल्या तरी एकाला ती मान हलवायची. मान हलवली की सगळे खूष आणि तिची सुटका. तिला हवं होतं ते यातलंच काही होतं का, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडत नसे.

गणपतीतल्या दहा दिवसांचं मात्र आम्ही गुपचूप ठरवून टाकलं होतं. ढोल सुरू झाले की लहानपणी ती कपाटामागच्या सांदीत जाऊन बसायची, कान दाबून, घामाने भिजलेली. तेव्हापासून गणपती बसायच्या आदल्या दिवशी मी तिला माझ्या भावाकडे पोचवते. तो शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत राहतो, तिथे त्यातल्या त्यात शांतता. गर्दी ओसरली की ती परत येते. शेजाऱ्यांना आम्ही सांगतो, मामाकडे अभ्यासाला गेलीय. लालबागमध्ये राहून ढोल सोसत नाही हे काय सांगायचं? लोक देशोदेशींहून इथे येतात आणि आमची मुलगी इथून पळते.

दहावीत घोडं अडलं ते लेखनिकापाशी. बोर्डाचा पेपर तपासणारे कुठले कोण जाणे, त्यांना तिचं अक्षर लागणं शक्यच नव्हतं. सवलत होती: ती सांगेल आणि दुसरी मुलगी लिहील. ती मुलगी खालच्या वर्गातली हवी, म्हणजे तिने पदरचं घालू नये असा हिशेब. शाळा म्हणाली, तुमच्या ओळखीत कुणी बघा, आम्हीही बघतो. मी बघायला निघाले. चाळीतली दारं झाली, डिलाईल रोडला राहणारी नात्यातली माणसं झाली. "तिचीही परीक्षा त्याच सुमाराला असते हो." "क्लास बुडेल." एक बाई फारच प्रेमाने म्हणाल्या, "आमची हळवी आहे, तिला तशी सवय लागली तर?" जणू अडखळणं कांजिण्यांसारखं अंगावर उठतं. त्यांच्या घरचा चहा मी तसाच ठेवून आले. त्या दिवसांत घरी येऊन मी चपलांसकट पलंगावर बसून राहायचे, कुणी काही विचारू नये म्हणून.

मग एका संध्याकाळी दोन खोल्या पलीकडची मुलगी आपण होऊन दारात आली. नववीतली, हुशार, आमच्या मंडळाच्या ढोलपथकात पुढच्या रांगेत वाजवणारी, मनगटं कशी खणखणीत. आणि अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. म्हणाली, "काकू, मी लिहिते ना. तिला कशाला बाहेरचं कोण पाहिजे?" मला रडूच आलं. सासूबाईंनी तिची तिथल्या तिथे मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली.

शाळेत एक विशेष शिक्षिका येतात. त्यांच्याकडे बऱ्याच शाळा, त्यामुळे आमच्या वाट्याला आठवड्यातले दोनच दिवस. चेहऱ्यावरून त्याही माझ्याइतक्याच थकलेल्या दिसतात, म्हणून मला त्यांच्याशी बोलायला बरं वाटतं. त्यांनी दोघींना समोर बसवून सांगितलं, "ती सांगेल तेवढंच लिहायचं. ती थांबली की तुझं पेन वर." शेजारचीने मान डोलवली. आमच्याकडे रविवारी सराव सुरू झाला. मी स्वयंपाकघरातून दोघींचे आवाज ऐकायचे आणि वाटायचं, चला, लागलं एकदाचं मार्गाला.

सहामाहीचे पेपर शेजारचीनेच लिहिले. निकाल लागला तेव्हा मी ऑफिसातून थेट शाळेत गेले. मराठीत तिला वर्गातल्या पहिल्या पाचांच्या बरोबरीने गुण. वर्गशिक्षिका हसून म्हणाल्या, "हिचा निबंध मी वर्गात वाचून दाखवला. काय सुंदर लिहिलंय आपल्या गणेशोत्सवाबद्दल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या." लेक शेजारी उभी होती, दप्तराच्या बंदाशी चाळा करत. मी घरी येताना पेढे घेतले. सासूबाईंनी देवापुढे ठेवले आणि चाळभर वाटले, प्रत्येक दारात पहिल्या बाकाची गोष्ट नव्याने सांगत. सगळ्यांचं तोंड गोड झालं, एक तिचं सोडून. तिच्या हातावर ठेवलेला पेढा तिने फ्रिजवर नेऊन ठेवला. नंतर खाईल, म्हटलं. तो तिथेच राहिला.

दिवाळीची सुट्टी संपता संपता शाळेतून निरोप आला, बोर्डाकडे लेखनिकाचं नाव आणि फोटो पाठवायचाय. मी शेजारी फोटो मागायला निघाले तर लेक दारात आडवी आली. "नको."

"काय नको?"

"लेखनिक... नको."

"मग लिहिणार कोण? तू?"

"कोणीच नाही. मी... बसणार नाही. परीक्षेला."

हे वाक्य मात्र तिने जवळजवळ न अडता म्हटलं. दादरच्या एका संस्थेत बेकरीचा अभ्यासक्रम आहे. पाव, बिस्किटं, केक. दोन वर्षं ती त्याच्याच मागे होती. घरी तिची नानकटाई अशी होते की एक तुकडा मोडायचा नाही. ओव्हनपुढे तिला कुणी घाई करत नाही, बोलायला लावत नाही. पण तिथे प्रवेशाला अट होती दहावी पास. दहावी नाही तर ते दार बंद, आणि त्याच्यापुढे काय याचा मी विचार करायचं टाळत आले होते. दुपारच्या खोलीत सासूबाई, टीव्ही आणि ती.

मला राग आला, आणि तो मी आवरला नाही. इतकी वर्षं मी कुणाकुणाच्या दारात उभी राहिले, कुणाची काय बोलणी ऐकली, रजा संपल्या, गुडघे गेले, आणि आता किनाऱ्याला लागताना तू होडीतून उडी मारतेस, असं मी तोंडाला येईल ते बोलले. सासूबाई मध्ये पडायला आल्या तर त्यांनाही बोलले. लेक ऐकत राहिली. मग आत जाऊन मराठीची उत्तरपत्रिका घेऊन आली आणि माझ्यापुढे निबंधाचं पान उघडून धरलं. 'गणेशोत्सव हा माझ्या जिवाभावाचा सण. ढोल-ताशांचा गजर सुरू झाला की माझे पाय आपोआप थिरकू लागतात.' पान कसं देखणं होतं, एक खाडाखोड नाही.

"हे मी... नाही सांगितलं."

"मग काय सांगितलंस?"

ती थांबली. एरवी मी चार शब्द पुढे केले असते. त्या दिवशी माझ्यात तेवढंही त्राण उरलं नव्हतं. बोलून बोलून घसा सुकला होता, पाय ओढत होते, मी नुसती भिंतीला टेकून बसून राहिले. शहाणपणा म्हणून नव्हे, दमले होते म्हणून. आणि बऱ्याच वेळाने तिचं बोलणं आलं.

"मी सांगितलं... मला गणपती आवडतात. ढोल... आवडत नाहीत. डोक्यात दुखतं. म्हणून मी... मामाकडे जाते. आणि घरचे सांगतात... अभ्यासाला गेली." एवढं बोलून ती पुन्हा थांबली. "ते खोटं आहे. हे पण... खोटं आहे. बाईंनी वाचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी... पहिल्या बाकावर होते."

मी उत्तरपत्रिकेची बाकीची पानं उलटली. ती एकेका उत्तरावर बोट ठेवून सांगत गेली: हे माझं, हे तिचं, हे अर्धं तिचं. फ्रिजवरचा पेढा तोपर्यंत दगड झाला होता.

शेजारचीला मी गॅलरीत गाठलं. ओरडायच्या तयारीने गेले होते, पण तिने माझा चेहरा बघूनच ओळखलं. "काकू, ती थांबायची ना, मला बघवायचं नाही. वर्गावरचे सर घड्याळ बघत होते. मला उत्तर येत होतं, तर मी काय करू? तिला नापास होऊ देऊ?"

"आणि निबंध?"

ती कठड्याला टेकली. खाली मंडपाच्या जागेवर आता स्कूटर लागल्या होत्या. "काकू, ती बोलली, ढोल आवडत नाय. मी तिला दोनदा विचारलं, असं लिहू? आपल्या गणपतीबद्दल? लालबागचं पोरगं असं लिहितं का? बाहेरचा माणूस वाचेल तर काय बोलेल आपल्याला? माझा हातच नाय चालला." तिचे डोळे भरून आले होते. मला तिच्यावर रागावता येईना. तिच्या जागी या चाळीतलं दुसरं कुणीही असतं तरी हात तिथेच अडला असता. तेच खोटं आम्हीही दरवर्षी दारोदार सांगत होतो, फक्त आमचं अक्षर इतकं चांगलं नव्हतं.

मी शाळेत मीटिंग मागितली. मोठ्या बाई, विशेष शिक्षिका आणि मी. या वेळी लेकीलाही आत बसवलं. प्लॅन तिचा, पण त्याच्या बैठकीला ती याआधी कधीच नव्हती. ती कायम बाहेरच्या बाकावर बसून माझी पिशवी सांभाळायची. मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. बाई वाईट नाहीत, शाळेचा निकाल त्यांच्या मानेवर बसलेला असतो. म्हणाल्या, "मी काही ऐकलंच नाही असं समजते. गुण चांगले आहेत, जोडी जमलीय, मुलगी पास होईल. आत्ता ऐन वेळी कशाला विस्कटायचं? तुम्हीच सांगा आई म्हणून."

खरं सांगायचं तर मला ते पटलं. अगदी मनापासून पटलं. होऊ दे एकदाची पास, कुणाच्या का वाक्यांनी होईना, मला आता एकही जिना चढायचा नाही, असं माझं सगळं अंग म्हणत होतं. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात विशेष शिक्षिकेने लेकीला विचारलं, "तुला काय हवंय?"

"मला..."

"जादा वेळ?" मोठ्या बाई म्हणाल्या. लेकीने मान हलवली, नाही.

"दुसरी मुलगी?" हे मी. पुन्हा नाही.

"तोंडी परीक्षा? ती बोर्डात होत नाही हं बाळा."

लेकीने आमच्या दोघींकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ती कुठल्या तरी पर्यायाला मान हलवून मोकळी व्हायची; त्या दिवशी झाली नाही. विशेष शिक्षिका काहीच बोलत नव्हत्या, मग आम्हीही गप्प झालो. बाहेर मधल्या सुट्टीची घंटा होऊन मुलं जिन्यावरून धावत खाली गेली तरी तिचं वाक्य आलेलं नव्हतं. मोठ्या बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग ती म्हणाली, "मला... चुकलं तर... चुकलेलंच लिहिणारी पाहिजे."

मोठ्या बाई म्हणाल्या, "अगं, मग गुण जातील."

"जाऊ दे."

माझ्या डोळ्यांपुढे बेकरीचं दार उघडत होतं आणि मिटत होतं. जाऊ दे म्हणायला तिचं काय जातं, असं मला वाटलं, आणि लगेच लक्षात आलं, जे काही जाणार होतं ते तिचंच होतं. मी म्हटलं, "लिहा, बाई. प्लॅनमध्ये लिहा." विशेष शिक्षिकेने पहिल्या बाकाच्या कलमाखाली नवं कलम लिहिलं: विद्यार्थिनी सांगेल तेच लिहावं, चुकीसह. पहिला बाक तसाच राहिला. एका बैठकीत दोन लढाया माझ्याने झाल्या नसत्या.

लेखनिक बदलायची नाही, असं लेकीचंच म्हणणं पडलं. सराव पुन्हा रविवारी आमच्या खोलीत सुरू झाला आणि तिने पहिलाच घ्यायला लावला तो निबंध. शेजारची पाटावर वही घेऊन बसली. मी तांदूळ निवडत होते, सासूबाई दाराशी वाल सोलत होत्या. लेक म्हणाली, "लिही. मला आमच्या इथले ढोल... आवडत नाहीत." सासूबाईंचा हात थांबला. शेजारचीने माझ्याकडे बघितलं. मी ताटातले खडे शोधत राहिले. मग पेन चालल्याचा आवाज आला.

"म्हणून मी... मामाकडे जाते. घरी सांगतात... अभ्यासाला."

"ह्यां कित्याक लिहूंक व्हयां?" सासूबाई पुटपुटल्या. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली. सासूबाईंनी वाल पुढे ओढले.

"विसर्जन झाल्यावर... मी येते." मग ती अडली. नळ खाकरून खाकरून बंद पडावा तशी अडली. शेजारचीचं पेन वर होतं, ते हलत होतं, पण ती बोलली नाही. मला वाटलं, म्हणेल आता, मग मला बरं वाटतं. सासूबाईंनाही काहीतरी वाटलं असणार, त्यांचे ओठ उघडून मिटले. कुकरची शिट्टी झाली आणि मी उठले नाही.

"तेव्हा गल्ली... रिकामी असते. सकाळी आजी... दुधाला जाते. तिच्या चपला... जिन्यावर वाजतात. त्या मला... वरपर्यंत ऐकायला येतात. दहा दिवस... नाही ऐकलेल्या. तो दिवस... माझा सण आहे."

शेजारचीने ते सगळं लिहिलं. 'नाही ऐकलेल्या' हे ती दुरुस्त करू पाहत होती, अर्धं खोडलंही. मग तिने तेच पुन्हा लिहिलं. सासूबाई पदराने तोंड पुसत मोरीकडे गेल्या आणि बराच वेळ तिथे भांडी वाजत राहिली. मी ताट खाली ठेवलं. इतक्या वर्षांच्या प्लॅनमध्ये तिला काय येत नाही ते सगळं लिहिलं होतं. तिला काय ऐकू येतं, हे मला त्या रविवारी कळलं.

परीक्षेचे दिवस कसे गेले ते मी सांगणार नाही. सगळ्यांच्याच घरी ते तसेच जातात. पेपरांत शेजारचीने पदरचं काही घातलं नाही, असं लेकीने सांगितलं. भूगोलात एक उत्तर साफ चुकलं आणि ते चुकीचंच लिहिलं गेलं, हे सांगताना ती हसली. निकालाच्या दिवशी नवऱ्याने बदली पाळी घेतली, मी रजा टाकली. आता ती बिनपगारीच होती. पास झाली. मराठीचे गुण सहामाहीच्या मानाने बरेच खाली. गॅलरीत लोक जमलेच होते. कुणीतरी हळहळत म्हणालं, "अरेरे, मराठीत काय झालं गं? सहामाहीला तर केवढे..."

"तेव्हाचे..." लेक म्हणाली, आणि सवयीप्रमाणे तीन-चार जणींनी तोंड उघडलं. शेजारचीने ढोल वाजवणारा हात आडवा केला. सगळ्या थांबल्या.

"तेव्हाचे हिचे होते. हे... माझे आहेत."

सासूबाई आतून पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. देवापुढे ठेवायच्या आधी त्यांनी तो लेकीपुढे धरला. तिने दोन उचलले आणि तिथेच उभ्या उभ्या खाल्ले.